सर, फ्लास्क काळा पडला! (आणि बाकीची पत्रं)

मागच्या अंकात पॅलेडियम या धातूबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग लागलाय. लिहिलं होतं एवढंच, की २०१० चं केमिस्ट्रीचं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी या तिघांना पॅलेडियम वापरून कार्बनला कार्बन जोडायच्या रिअॅक्शनसाठी मिळालं आणि आता औषधाच्या कारखान्यात ही रोजची रिअॅक्शन झालीय. शेवटी जाता जाता 'फेरोसीनवाला फॉस्फिन लिगंड लावला की काम सोपं होतं' असं एक वाक्य टाकलं होतं, लिगंड म्हणजे धातूला धरून बसणारा आणि त्याचं वागणं ठरवणारा मॉलिक्यूल. त्याच वाक्यानं घात केला. कोण म्हणतंय फेरोसीन म्हणजे काय, कोण म्हणतंय फॉस्फिन म्हणजे विष ना, गुजरीतल्या एका सराफाला तर वेगळाच वास आलाय. म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच. नावं छापत नाही, गाव तेवढं टाकतो.

प्रश्न (फुलेवाडीहून एक आई): सर, माझी मुलगी पीएचडी करते. विषय विचारला तर 'फेरोसीन फॉस्फिन' म्हणाली. आमच्या माहेरी गव्हाच्या कोठीत गोळ्या टाकायचे, त्यातनं फॉस्फिन निघतो आणि बंद खोलीत माणूस मरतो असं लहानपणापासून ऐकलंय. पोरगी रोज ते हुंगते का? तिचे बाबा म्हणतात विषय बदलून घे.

काकू, आधी एक घोट चहा घ्या आणि बाबांनापण द्या. तुमची भीती खोटी नाही, फक्त नाव सारखं असल्यानं गोंधळ झालाय. धान्यातली गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, तिला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, म्हणजे एक फॉस्फरस आणि त्याला तीन हायड्रोजन. तो खरंच जीवघेणा आहे, कोठीची भीती तशीच ठेवा. पण तुमच्या मुलीच्या फॉस्फिनमधले ते तिन्ही हायड्रोजन काढून तिथं कार्बनच्या मोठमोठ्या रिंगा बसवलेल्या असतात, त्यामुळे ते वायू राहत नाही, चांगली पिवळी-केशरी पावडर होते, जी १८० डिग्रीच्या आसपास वितळते. म्हणजे बाटलीचं झाकण उघडलं म्हणून काय उडून नाकात जाणार नाही. कुळ एक, स्वभाव वेगळा, आपल्या भावकीत असतात तसं.

आता सगळं निर्धोक आहे असं मात्र मी सांगणार नाही. हे लिगंड बनवताना आधी फेरोसीनवर ब्युटिललिथियम टाकतात, आणि ते हवेत पेट घेऊ शकतं. त्यानंतर क्लोरोडायफिनाइलफॉस्फिन नावाचं एक घाणेरडं धुरकट लिक्विड टाकतात. तेव्हा तिला विचारायचं असेल तर 'फॉस्फिन हुंगतेस का' असं नका विचारू, 'ब्युटिललिथियम काढताना हुडमध्येच असतेस ना, एकटी नसतेस ना, अंगात सुती एप्रन असतो ना' असं विचारा. (हुड म्हणजे धूर ओढून घेणारं लॅबमधलं कपाट.) आईला एवढं माहीत आहे म्हटल्यावर पोरगी दचकेल, बघा गंमत.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, फौंड्रीवाले): सर, फेरोसीनमध्ये लोखंड आहे म्हणता. मग ते गंजत कसं नाही? आमचं कास्टिंग दोन दिस पावसात ऱ्हायलं की तांबडं लाल हुतंय.

वा भावा, पंचवीस वर्षं शिकवलं पण हा प्रश्न मला वर्गात एकानंही विचारला नाही.

१९५१ सालची गोष्ट. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका युनिव्हर्सिटीत पॉसन आणि कीली हे दोघं वेगळंच काहीतरी, फुल्वालिन नावाचं कंपाऊंड करायला बसले होते. फेरिक क्लोराइड टाकलं आणि हातात आले केशरी खडे, जे हवेत नाही बिघडले, पाण्यात नाही बिघडले आणि तापवल्यावर सरळ वितळून परत गार झाले. लोखंड आणि कार्बनचं थेट लग्न इतकं टिकाऊ असतं हे तोवर कुणी बघितलंच नव्हतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही दुसऱ्या एका टोळीला हेच खडे मिळालेले होते. पॉसननं काढलेली आकृती चुकली होती, बरोबर आकृती पुढच्या वर्षी विल्किन्सन, वुडवर्ड आणि जर्मनीत फिशर यांनी मांडली. त्यातल्या विल्किन्सन आणि फिशरला १९७३ चं नोबेल.

आकृती कशी, तर जातं डोळ्यापुढं आणा. खालची तळी, वरची तळी आणि मध्ये खुंटा. इथं तळी म्हणजे पाच-पाच कार्बनच्या दोन चपट्या रिंगा आणि मध्ये खुंट्याच्या जागी लोखंडाचा एक अणू. आणि जात्यासारखीच वरची रिंग खालच्या रिंगेवर आरामात फिरते, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पुस्तकात याला सँडविच म्हणतात, पण सँडविच फिरत नाही, म्हणून मला जातंच बरं वाटतं.

आता गंज. तुमच्या कास्टिंगमधल्या लोखंडाला बाहेरच्या बाजूनं हात मोकळे असतात, पाणी आणि ऑक्सिजन येऊन तिथं बसतात. फेरोसीनमधल्या लोखंडाभोवती दोन्ही रिंगांचे धरून १८ इलेक्ट्रॉन पुरे झालेले असतात, म्हणजे घर भरलेलं, नवीन भाडेकरूला खोली नाही. एखादा ऑक्सिडायझर, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ टाकला, तर एक इलेक्ट्रॉन सोडतं आणि केशरीचं निळं होतं, पण तिथंही तांबडा गंज नाही, आणि इलेक्ट्रॉन परत दिला की परत केशरी.

वास म्हणाल तर कापरासारखा. आणि कापरासारखंच हे घन असतं ते वितळायच्या आधीच उडायला लागतं, शंभर डिग्रीच्या वर नेलं की वाफ होऊन वरच्या गार काचेवर परत सुया सुया होऊन बसतं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वॉचग्लासच्या पोटाला केशरी सुयांचं रान उगवलं होतं आणि मी प्रॅक्टिकल विसरून तेच बघत बसलो होतो, मार्क गेले दोन.

प्रश्न (राजारामपुरी, एमएस्सी दुसरं वर्ष): सर, आमच्या नोट्समध्ये 'डीपीपीएफचा बाइट अँगल मोठा म्हणून रिडक्टिव्ह एलिमिनेशन फास्ट' एवढी एकच ओळ आहे. परीक्षेत लिहून येते पण कळत काहीच नाही. साधा ट्रायफिनाइलफॉस्फिन स्वस्त असताना हे कशाला?

पोरी, बाकीच्यांसाठी आधी सांगतो, डीपीपीएफ म्हणजे तेच आपलं फेरोसीनवालं फॉस्फिन लिगंड, आणि ट्रायफिनाइलफॉस्फिन म्हणजे एका फॉस्फरसला तीन फिनाइल, म्हणजे बेन्झिनच्या रिंगा. तुझ्या नोट्समधली ओळ खरी आहे, फक्त सुकवलेल्या मिरचीसारखी आहे, भिजवल्याशिवाय वाटता येत नाही. चल भिजवू.

आधी पॅलेडियम करतो काय ते बघ. सुझुकी रिअॅक्शनच घे. एका बाजूला ब्रोमीन लागलेली रिंग, दुसऱ्या बाजूला बोरॉनवाला तुकडा. पॅलेडियम आधी ब्रोमीन आणि रिंग यांच्या मधल्या बाँडमध्ये घुसतो, दोघांना आपल्या दोन हातांत धरतो, हे झालं ऑक्सिडेटिव्ह अॅडिशन. मग बेसच्या मदतीनं बोरॉनवाला आपला तुकडा पॅलेडियमच्या हातात देतो आणि ब्रोमीन बाहेर पडतं, हे ट्रान्समेटलेशन. आता दोन्ही हातांत दोन तुकडे. शेवटी दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटतात आणि पॅलेडियम हात झटकून मोकळा होतो, पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. ते रिडक्टिव्ह एलिमिनेशन. फेरीवर फेरी, फेरीवर फेरी, म्हणून इतका थोडा पुरतो.

शेवटच्या पायरीला दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पाहिजेत, समोरासमोर असून चालत नाही. ट्रायफिनाइलफॉस्फिनचे दोन सुटे मॉलिक्यूल पॅलेडियमला लागतात तेव्हा त्यांना एकमेकांचा शेजार नको असतो, ते बरेचदा समोरासमोर बसतात आणि मग तुमचे दोन तुकडेही समोरासमोर. डीपीपीएफमध्ये दोन्ही फॉस्फरस एकाच फेरोसीनला बांधलेले असतात, वरच्या रिंगेला एक, खालच्या रिंगेला एक. मघाशी म्हटलं ना जातं फिरतं म्हणून? दोन्ही तळींना एकेक खुंटी ठोकलीय असं समज. जातं असं फिरतं की दोन्ही खुंट्या एकाच बाजूला येतात आणि पॅलेडियमला सांडशीसारखं दोन्हीकडून धरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जागा आपोआप शेजारी शेजारी राहतात. अर्धी लढाई तिथंच जिंकली.

आता बाइट अँगल, म्हणजे पॅलेडियमला धरणाऱ्या दोन फॉस्फरसमधला कोन. चौकोनी बसणाऱ्या पॅलेडियमला चार जागा, मधला कोन साधारण ९० डिग्री. लहान सांडशी, म्हणजे दोन फॉस्फरसच्या मध्ये फक्त दोन कार्बनची साखळी असली तर कोन ८५-८६ च्या आसपास येतो. तीन कार्बनची असली तर ९० च्या जवळ. आणि डीपीपीएफला ९९ डिग्री. चारचौघांच्या पंगतीत एक जण मांडी पसरून बसला की समोरच्या दोघांना अंग चोरून बसावं लागतं, तसं फॉस्फरसनी जागा जास्त खाल्ली की समोरचे दोन तुकडे एकमेकांकडे ढकलले जातात. पॅलेडियम, डीपीपीएफ आणि दोन क्लोरीन मिळून झालेल्या कॉम्प्लेक्सच्या क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये हे चक्क दिसतं, फॉस्फरसचा कोन ९९ आणि दोन क्लोरीनचा कोन ९० च्या खाली. जवळ ढकललेले तुकडे लवकर चिकटतात. बस, तुझ्या नोट्समधली ओळ एवढंच सांगते.

पण 'लवकर' याचा फायदा काय, हे नोट्समध्ये नाही आणि खरी मजा तिथं आहे. जपानमध्ये हायाशी, कुमाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ ला एक अवघड जोड घेतली, सेकंडरी ब्युटिलचं ग्रिन्यार्ड (म्हणजे बोरॉनच्या जागी मॅग्नेशियम लागलेला तुकडा) आणि ब्रोमोबेन्झिन. सेकंडरी ब्युटिल पॅलेडियमच्या हातात जास्त वेळ राहिला की शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन पॅलेडियम ओढून घेतो, मग तुकडा तरी निसटतो नाहीतर जागा बदलून सरळ ब्युटिल होऊन जोडला जातो, म्हणजे मागितलं एक आणि मिळालं दुसरं. बीटा हायड्राइड एलिमिनेशन म्हणतात ते हेच. बाकीच्या लिगंडबरोबर असली खिचडी व्हायची. डीपीपीएफच्या पॅलेडियमनं मात्र रूम टेंपरेचरला तासाभरात पाहिजे तोच माल दिला, यील्ड ९५ टक्के. चोराला चोरी करायला वेळच दिला नाही.

मग मोठा अँगल म्हणजे चांगलं, तर आणखी मोठा घेऊ, असं वाटेल. तसं नाही ते. कोन फारच वाढला की लिगंड चौकोनात नीट बसत नाही, समोरासमोरच जाऊन बसायला लागतो. डीपीपीएफची गंमत ही की ते ताठ नाही, रिंगा थोड्या फिरतात, थोड्या कलतात, त्यामुळे ज्या पायरीला जेवढा कोन पाहिजे तेवढा देऊ शकतं. फौंड्रीतली सांडशी बघ कधी उद्यमनगरात जाऊन, तिची खीळ घट्ट गंजलेली असेल तर कारागीर फेकून देतो, थोडी सैल असलेलीच हातात बसते.

आणि स्वस्ताचं म्हणशील तर बरोबर आहे. साधी सुझुकी, साधं ब्रोमाइड, ट्रायफिनाइलफॉस्फिननं होत असेल तर तेच वापर, उगाच मिरवायला महागडं नको. पण बोरॉनचा तुकडाच आधी बनवायचा असेल, म्हणजे मियाउरा बोरिलेशन, तर १९९५ पासून पहिला हात डीपीपीएफकडेच जातो, सोबत पोटॅशियम अॅसिटेट आणि ८० डिग्री. नाहीतर नायट्रोजन जोडायचा असेल तर, हार्टविग नावाच्या अमेरिकन केमिस्टनं १९९६ ला हेच लिगंड वापरून अमाइन जोडून दाखवली. ब्रोमीनच्या जागी क्लोरीन असलेलं हट्टी क्लोराइड असेल तर याचाच थोरला भाऊ बघ, ज्यात फॉस्फरसवर फिनाइलच्या जागी टर्शरी ब्युटिल असतात. तो आणखी दांडगा, फॉस्फरस इलेक्ट्रॉन जास्त देतो, म्हणून पॅलेडियमला क्लोरीनचा बाँड फोडायला जोर येतो.

प्रश्न (एक पीएचडी स्कॉलर, गाव लिहू नका म्हणालाय): सर, चार वेळा लावली सुझुकी रिअॅक्शन. डायॉक्सेन-पाणी, पोटॅशियम कार्बोनेट, ५ मोल टक्के डीपीपीएफवाला पॅलेडियम कॅटॅलिस्ट, ९० डिग्री. दहा मिनिटांत काळं पडतं आणि टीएलसीच्या पट्टीवर बघितलं तर स्टार्टिंग मटेरियल तसंच. गाइड म्हणतात तुझा हात चांगला नाही.

हाताला काही झालेलं नाही, बाटल्या बघ.

आधी रंग समजून घे. बाटलीतली पावडर विटकरी-केशरी असते. गरम केल्यावर लालसर, मग तपकिरी होत जाते, ते ठीक आहे, कारण तू टाकतोस तो पॅलेडियम टू (दोन इलेक्ट्रॉन कमी असलेला) असतो आणि काम करतो तो पॅलेडियम झिरो, म्हणजे आधी त्याचं रूपांतर व्हावं लागतं. बोरॉनवाले दोन तुकडे आपसात जोडून तो स्वतःचं हे काम करून घेतो, म्हणून थोडं होमोकपल्ड प्रॉडक्ट दिसलं तर घाबरू नको. गडद तपकिरी म्हणजे मेला असंही नाही, मी अशा डांबरासारख्या फ्लास्कमधून ९० टक्के माल काढलाय. पण फ्लास्कच्या काचेला आरशासारखा चकचकीत थर किंवा तळाला काजळीसारखं काळं बसलं आणि वरचं द्रावण बिनरंगी झालं, तर मात्र संपलं. पॅलेडियमचे अणू लिगंडचा हात सोडून एकमेकांना मिठ्या मारून बसले, त्याला पॅलेडियम ब्लॅक म्हणतात, आता तो तुझ्या उपयोगाचा नाही.

हात का सुटला? बहुतेक वेळा ऑक्सिजन. फॉस्फिनला ऑक्सिजन मिळाला की फॉस्फिन ऑक्साइड होतं आणि ऑक्साइडला पॅलेडियम धरता येत नाही. आता माझीच गोष्ट सांगतो. मी तेव्हा तुझ्याच वयाचा, दोन आठवडे असंच काळं पडत होतं, मी कॅटॅलिस्ट विकणाऱ्याला मनातल्या मनात अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या, नायट्रोजनचा फुगा दोनदा बदलला, ऑइल बाथ बदललं, शेवटी अमावस्येलापण दोष दिला. मग एका सीनियरनं डायॉक्सेनची बाटली उचलून तारीख विचारली. सहा महिने उघडी! डायॉक्सेन हवेत पेरॉक्साइड धरतं, म्हणजे मी बाहेरून नायट्रोजन सोडत होतो आणि आतून स्वतःच्या हातानं ऑक्सिडायझर ओतत होतो. फॉस्फरस एनएमआर, म्हणजे फॉस्फरस कुठल्या रूपात आहे ते दाखवणारा आलेख, काढला तर लिगंडचा उणे १७ चा सिग्नल गायब आणि तिकडं २५ ते ३० च्या पट्ट्यात ऑक्साइडचा उभा. नवीन बाटली फोडली, त्याच दिवशी रिअॅक्शन झाली. पेरॉक्साइडची जुनी बाटली तापवणं तसंही धोक्याचं, स्फोट होऊ शकतो, तेव्हा तो दोन आठवड्यांचा निकाल स्वस्तात लागला म्हणायचा.

तर तू असं कर. ताजं सॉल्व्हंट घे. पाणी आणि डायॉक्सेन दोन्हीतून, हो पाण्यातूनपण, सगळे पाणी विसरतात, लांब सुई तळापर्यंत घालून वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोड. घन पदार्थ आधी फ्लास्कमध्ये, मग तीनदा व्हॅक्यूम-नायट्रोजन, मग सॉल्व्हंट, आणि गरम करायच्या आधी पाच मिनिटं तसंच ठेव. तापमान एकदम ९० ला नेऊ नको.

अजून एक, वजन तपास. ही पावडर बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन अडकलेल्या रूपात येते. नुसत्या कॉम्प्लेक्सचं मोलवजन ७३१.७, डायक्लोरोमिथेनसकट ८१६.६. एक मिलिमोलवर ५ टक्के म्हणजे पहिलं असेल तर ३६.६ मिलिग्रॅम, दुसरं असेल तर ४०.८. लेबल न वाचता टाकलंस तर दहा टक्के कमी पडतं. त्यानं रिअॅक्शन मरणार नाही, पण थिसिसमध्ये परीक्षक बरोबर तिथंच बोट ठेवतो.

आणि गाइडला हे पान दाखवू नको.

प्रश्न (गुजरी, सराफ कट्टा): सर, पॅलेडियम खूप महाग आहे म्हणतात. या वापरलेल्या कॅटॅलिस्टमधून तो काढता येतो का? आमच्याकडे चोख करायची भट्टी आहे.

शेठ, मी म्हटलं नव्हतं का वास आला म्हणून!

काढता येतो, कारखान्यांत काढतातच. पण तुमच्या भट्टीत नको. हिशोब बघा, डायक्लोरोमिथेनवाल्या १०० ग्रॅम पावडरीत पॅलेडियम साधारण १३ ग्रॅम, बाकी लोखंड, फॉस्फरस, कार्बन, क्लोरीन. हे जाळलं की धुरात जे जे निघेल ते गुजरीच्या बोळात कुणाच्याच छातीला मानवणार नाही. आणि वापरून झालेल्या रिअॅक्शनमध्ये तर पॅलेडियम मिलिग्रॅममध्ये असतो, पिंपभर सॉल्व्हंटमध्ये पसरलेला. तो गोळा करायला सल्फरचे हात लावलेली सिलिका किंवा कोळसा वापरतात, मग तो रिफायनरीला जातो. औषधवाल्यांना तर तो काढावाच लागतो, नुसता पैशासाठी नाही, तोंडानं घ्यायच्या औषधातून माणसाच्या पोटात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाऊ नये अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

पण तुम्ही सराफ आहात म्हणून एक किस्सा देतो, हुपरीच्या चांदीवाल्या पाहुण्यांनापण सांगा. हा धातू १८०२ ला लंडनच्या वोलास्टननं प्लॅटिनमच्या खनिजातून काढला, पण जाहीर केला नाही. पुढच्या वर्षी सोहो भागातल्या एका दुकानात 'पॅलेडियम अथवा नवी चांदी' असं पत्रक लावून निनावी विकायला ठेवला! चेनेविक्स नावाच्या केमिस्टला वाटलं हा फसवणुकीचा माल, त्यानं सगळा स्टॉक विकत घेतला आणि हा धातूबितू काही नाही, प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू आहे असं जाहीर करून टाकलं. वोलास्टननं परत निनावीच बक्षीस लावलं, जो हा माल बनवून दाखवेल त्याला २० पौंड. कुणालाच जमलं नाही. १८०५ ला तो स्वतः पुढं आला. दोनशे वर्षांपूर्वीचं हॉलमार्किंगचं भांडण म्हणा.

प्रश्न (तासगाव, द्राक्ष बागायतदार): याचा आम्हा शेतकऱ्यांना काय उपयोग?

दादा, भुरी रोगासाठी बॉस्कॅलिड असलेलं औषध मारलंय का कधी? त्या बॉस्कॅलिडमधल्या दोन बेन्झिन रिंगा पॅलेडियमनं सुझुकी करूनच जोडतात, वर्षाला हजार टनाच्या वर माल निघतो. तिथं लिगंड साधाच, ट्रायफिनाइलफॉस्फिनच्या जातीचा, फेरोसीनवाला नाही. वरच्या राजारामपुरीच्या पोरीला सांगितलं तेच, स्वस्तात होत असेल तर स्वस्त.

प्रश्न (कोल्हापूरच्याच एका कॉलेजातले लॅब असिस्टंट): सर, तुम्ही नेहमी शास्त्रज्ञांची नावं लिहिता. काचेची भांडी धुणारे, द्रावणं करणारे आम्ही. आमचं नाव लागलंय का कधी कशाला?

लागलंय. आणि याच घराण्यातल्या लिगंडला लागलंय.

स्वित्झर्लंडमध्ये सिबा-गायगी या रसायन कंपनीच्या लॅबमध्ये तोग्नी आणि मंडळी फेरोसीनवर दोन वेगवेगळे फॉस्फरस बसवायचा उद्योग करत होती. एकाच रिंगेवर शेजारी शेजारी दोन वेगळे हात लावले की जातं डावं-उजवं होतं, चपलेच्या जोडासारखं, दोन्ही आरशात सारखे दिसतात पण डावी उजव्या पायात जात नाही. असल्या लिगंडनं पाहिजे त्या हाताचाच माल निघतो. त्यातला पहिला लिगंड प्रत्यक्ष हातानं बनवला तो टेक्निशियन जोसी पुलेओनं. १९९४ ला पेपर आला आणि लिगंडला नाव पडलं जोसिफॉस. सगळं कुटुंबच आता त्या नावानं ओळखतात. त्यातल्याच एकाला इरिडियम हा धातू जोडून मेटोलाक्लोर नावाचं तणनाशक बनवतात, अमेरिकेतल्या मका-सोयाबीनवर जातं ते, वर्षाला दहा हजार टनाच्या वर. आणि पॅलेडियम जोडून अवघड क्लोराइडवर अमाइन चढवायला हार्टविगनं तेच घराणं वापरलं.

जगभरातल्या पेपरांत रोज कुठं ना कुठं ते नाव छापून येतं. प्रोफेसरचं नाही, भांडं धरणाऱ्याचं.